पाण्यात पाणी

“आणि एक सांगायचं राहिलं, मावशी. आत गेल्यावर मध्येच बाहेर नाही येता येत हं. दाब हळूहळू उतरवावा लागतो, दहा-बारा मिनिटं सहज जातात. तेव्हा आत्ताच बाथरूमला जाऊन या.”

चैताली हे इतकं सहज बोलून गेली की जणू चपला बाहेर काढा म्हणत होती. तिचं तरी काय चुकलं म्हणा. यंत्रावर बसणारी मुलगी, येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगत असणार. पण चांगुणानं वळून दाराकडे पाहिलं. हॉस्पिटलचा सुती झगा घालून, मोकळे केस पाठीवर सोडून ती दाबाखाली प्राणवायू देणाऱ्या त्या आडव्या काचेच्या नळकांड्यासमोर उभी होती. आत पांढरी चादर अंथरलेली, उशाशी पाण्याची बाटली. इथवर तिनं सगळं मुकाट्यानं मानलं होतं. केसांना तेलाचा अंश नको म्हणाले, पहाटे उठून शिकेकाईनं न्हाली. नायलॉनचा परकर नको, नाही घातला. कानातलं काढा, काढलं. भोकं बुजतील की काय असं वाटून गेलं, पण काढलं. डॉक्टरांनी दीड तास झोपून राहायचं एवढंच सांगितलं होतं, आणि दीड तासाचं कसं निभवायचं याच विवंचनेत ती रात्रभर जागी होती. दार मध्येच उघडत नाही, हे कोणी सांगितलंच नव्हतं. तिला अर्ध्या तासाला जावं लागे, कधी त्याच्याही आत. सिडकोतल्या घरातून गंगापूर रोडवरच्या या हॉस्पिटलात यायचं तरी ती रस्त्यावरच्या जागा मनाशी धरून निघायची. पहिली मुंबई नाक्यावर, मग सीबीएस स्टँडच्या आतली, आणि मग थेट इथली. नाशिक शहर तिला आता त्या जागांवरूनच कळत होतं. मधल्या दुकानांच्या पाट्या ती वाचतही नसे.

“डॉक्टर म्हणत होते, हवं तर लघवीची नळी बसवून पाठवू,” चैताली म्हणाली.

“नळी नको,” चांगुणा म्हणाली. ती इतक्या जोरात बोलली की चैतालीनं वर पाहिलं. गेल्या पावसाळ्यात रक्ताच्या गुठळ्या अडकल्या होत्या, तेव्हा नळीची पिशवी हातात धरून वॉर्डाच्या लांबलचक व्हरांड्यातून तिला चालावं लागलं होतं. सगळ्या खाटांवरची माणसं आधी पिशवीकडे बघायची आणि मग तिच्या तोंडाकडे. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईच्या हातात पुस्तक असतं, पिशवी असते ती भाजीची. ही कसली पिशवी. ती बाथरूमला जाऊन आली. दार लावून पुन्हा उघडलं आणि उगाच आणखी एकदा बसून आली. खरं तर येण्यासारखं काही नव्हतंच, कारण काल संध्याकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

पाणी न पिणं ही चांगुणाची विद्या होती. डी.एड. झाल्याबरोबर पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर नेमणूक मिळाली, तिथं ती शिकली. डोंगराच्या उतारावर एक खोली, पुढे ओटा, मागे नुसती नागलीची शेतं. आडोसा म्हणून करवंदीचं एक जाळं, आणि तेही पावसाळ्यानंतर विरळ होणारं. दुसरे मास्तर पुरुष. त्यांना सगळा डोंगर मोकळा. सकाळची पेठची गाडी, मग पायवाट, मग दिवसभर शाळा, मग पुन्हा पायवाट, आणि गाडी चुकली तर जीप. पहिल्या महिन्यातच तिला कळलं की इथं टिकायचं तर घसा कोरडा ठेवायचा. सकाळी भाकरी उतरण्यापुरता घोट, संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्याभर. तालुक्याच्या मीटिंगला सगळ्या बायका जमायच्या तेव्हा कळायचं की ही विद्या सगळ्यांनाच येते. कोणी म्हणे मी चहासुद्धा बशीतूनच घेते, कोणी म्हणे मला तर तहानच लागत नाही आताशा. बायका हे अभिमानानं सांगायच्या, आणि चांगुणाला त्या सगळ्यांपेक्षा जास्त अभिमान होता. कारभारी, तिचा नवरा, पाटबंधारे खात्यात कारकून. तो तिची थट्टा करायचा. “महाडच्या तळ्याचं पाणी चाखायला आपली माणसं डोकी फोडून घेऊन आली,” तो म्हणायचा, “आणि आमच्या बाई ग्लासातलं पीत नाहीत!” ती हसायची. बोलणं खरं होतं, पण महाडला गेलेल्यांना दुपारी चौथीचा वर्ग घ्यायचा नव्हता, असं ती मनात म्हणायची. कॅन्सर झाला तेव्हा तिनं डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारला होता, मी दाबून धरायचे म्हणून झाला का? ते म्हणाले, छे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी झालाय, तो वेगळ्या कारणानं होतो. तिला ते पटलं, आणि पटूनही कुठेतरी पटलं नाही.

ट्रॉली आत सरकली, दार फिरून बसलं. बाहेरचा आवाज एकदम तुटला. मग वाऱ्यासारखा एक फूत्कार सुरू झाला आणि डोक्यापाशी खरखरत चैतालीचा आवाज आला, “मावशी, ऐकू येतंय ना? आता दाब वाढवतेय. कान दडले की आवंढा गिळायचा.” कान दडलेच. चांगुणाला ते ओळखीचं होतं. पेठहून येताना सावळ घाटात असेच दडायचे, आणि मग शेजारची बाई काहीतरी बोलत राहायची, तिचे ओठ तेवढे हलायचे. ती आवंढा गिळायला गेली. तोंडात काही नव्हतंच. जीभ टाळूला चिकटली होती, घसा नुसता वरखाली झाला. पुन्हा प्रयत्न केला. कानात एक सुई आली, मग ती सुई दाभणाएवढी झाली. “आवंढा गिळा, मावशी. नाही होत? बाटली आहे ना उशाशी? घोटभर प्या, लगेच मोकळे होतील.” चांगुणानं बाटलीकडे पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, जवळ होतं, आणि दार दहा-बारा मिनिटं लांब होतं. तिनं मान हलवली. नको. काचेपलीकडे चैतालीचं तोंड आलं, तिनं हातानं पिण्याची खूण केली, लहान मुलाला करावी तशी. चांगुणानं पुन्हा मान हलवली आणि डोळे मिटले. दुखणं असह्य झालं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं, तेवढंच खाली घशात उतरलं असतं तर काम झालं असतं.

त्या दिवशी दाब उतरवून तिला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टर आले, भले माणूस, पण नेहमी घाईत. त्यांनी तिला पहिल्या भेटीत समजावून सांगितलं होतं की नऊ वर्षांपूर्वी किरणांचा जो शेक दिला, त्यानं कॅन्सर गेला पण शेजारची लघवीची पिशवीही आतून भाजून निघाली. तिथल्या बारीक नसा वाळल्या, म्हणून आता ती रक्त सोडते. दाबाखाली प्राणवायू दिला की तो त्या वाळल्या जागेपर्यंत पोचतो आणि नव्या नसा फुटतात. चांगुणा निफाडकडची; तिचे आईबाप दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत छाटणीला जायचे. वाळक्या काडीवर डोळे फुटतात हे तिला सांगावं लागत नव्हतं. पण आज डॉक्टर निराळं बोलले. कान मोकळे होत नसतील तर हा उपाय करता येणार नाही, असं म्हणाले. मग पिशवीच काढून टाकावी लागेल, आणि पोटावर बाहेरून थैली. “कायमची?” तिनं विचारलं. “हो, कायमची,” ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, “लोक राहतात हो त्याच्यासह, चांगले राहतात.” लोक राहत असतील. चांगुणाला लोकांचं माहीत नव्हतं. तिला वॉर्डाचा तो व्हरांडा दिसत होता, आणि तो आता संपणारच नव्हता.

घरी आली तर दुपार उतरत होती. सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत ती आणि भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध आणि कारभारी. तिघांपैकी कारभारीच्या फोटोकडे ती कमी बघायची. तिला त्याचा राग होता. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण राग काय विचारून येतो? शेक सुरू होता तेव्हा त्यानं काही कमी केलं नव्हतं. रोज सुट्टी टाकून रिक्षानं न्यायचा, मशीनच्या जाड दाराबाहेर बाकावर बसून राहायचा, येताना शहाळं घ्यायचा. शेक संपला आणि एके दिवशी त्यानं आपली गादी उचलून पुढच्या खोलीत टाकली. “तुला मोकळं झोपता येईल,” तो म्हणाला. तिनं बरं म्हटलं. ऑफिसात कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं का, की ते किरण अंगात राहतात आणि बाजूला झोपणाऱ्याला लागतात? की तिच्या देहाचीच त्याला किळस आली होती? की खरंच तिला मोकळं झोपता यावं म्हणूनच? सात वर्षं तो पुढच्या खोलीत झोपला आणि सात वर्षं तिनं विचारलं नाही. रात्री तो खोकला की ती जागी व्हायची, तिनं कूस बदलली की त्याची खाट वाजायची. म्हणजे दोघंही जागी असायची. मग दोन वर्षांपूर्वी तो हार्टनं गेला, सकाळी अंघोळीला पाणी तापत ठेवून. प्रश्न तेवढा घरात राहिला. रक्त पहिल्यांदा दिसलं ते त्याच्या वर्षश्राद्धाच्या, म्हणजे आपल्यात श्राद्ध म्हणत नाहीत, पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी. तिनं पाणी ओतलं आणि खिरीसाठी दूध आटवायला घेतलं.

फोन वाजला. रविवार नव्हता, म्हणजे सुयश नसणार. सुयशचा फोन रविवारी यायचा, पुण्याहून, पाठीमागे टीव्ही आणि पल्लवीचं “आईंना नमस्कार सांग.” त्याला तिनं युरिन इन्फेक्शन म्हणून सांगितलं होतं. “पाणी पीत जा, आई,” तो म्हणायचा. “पिते की,” ती म्हणायची. पुढचं सांगितलं असतं तर तो दोन दिवस रजा काढून आला असता, आणि पुढच्या खोलीत, त्याच जागी झोपला असता. मुलगा बापासारखा दिसायला लागला होता अलीकडे. तिला ते नको होतं. हा फोन मागच्या गल्लीतल्या ज्योत्स्नाचा होता.

“ताई, परवा वंदनेला पण नाही आलात. आता बुद्धपौर्णिमेला तरी या. तुम्ही नसलात की त्रिसरणाला सूर कोण लावणार? आम्ही सगळ्या आपल्या बेसूर.”

“बघते गं. पाय दुखतात.”

“रिक्षानं या ना. मी येऊ का घ्यायला?”

“नको नको. बघते.”

पाय दुखत नव्हते. विहारात वंदनेला पांढरी साडी नेसून बसायचं असतं, दुखणं ते होतं. गेल्या वर्षी पावसाळ्यात, वर्षावासातल्या एका पौर्णिमेला ती अशीच पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती. सूर तीच लावायची. शाळेत प्रार्थना घेऊन घेऊन आवाज पक्का झाला होता. वंदना झाली, प्रवचन झालं, बायकांशी बोलत ती घरी आली आणि साडी सोडताना मागच्या बाजूला तिला तो डाग दिसला. रुपयाएवढा. पुढच्या रांगेत बसलेल्या बाईचा मागचा डाग मागच्या सगळ्या रांगांना दिसतो. कोणी काही बोललं नव्हतं. ज्योत्स्नाही नाही. पण म्हणजे कोणी पाहिला नाही, की सगळ्यांनी पाहिला आणि आपसात ठरवून गप्प राहिल्या? त्या बायकांचे चेहरे ती रात्र रात्र एकेक करून आठवायची, निघताना कोण हसलं, कोणी खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात जरा जास्त वेळ होता का? साडी तिनं मिठाच्या पाण्यात घालून धुतली, डाग पूर्ण गेला, इस्त्री करून डांबराच्या गोळ्यांसह कपाटात ठेवली आणि मग ती विहारात गेली नाही. साऱ्या कॉलनीत माणसं म्हणून जी काही होती ती तिला तिथंच भेटायची. म्हणजे डाग गेला आणि त्याच्याबरोबर माणसंही गेली.

तिसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली ती नाही म्हणूनच सांगायला. चैताली नुकतीच आली होती, ओढणीनं घाम पुशीत होती. तिनं ट्रॉलीवर धुतलेली पांढरी चादर अंथरली, कोपरे दाबले आणि एकदम म्हणाली, “मावशी, रागावू नका, पण सकाळपासून किती पाणी प्यालात?”

“पिते की.”

“खरं सांगा. ओठ बघा तुमचे. तोंडात ओल नाही तर आवंढा कुठून येणार?” चैतालीनं खुर्ची जवळ ओढली. “मला कळतं हो. मीपण नाही पीत. सिन्नरहून येते मी, गाडीत दीड तास. स्टँडवरचं बाथरूम म्हणजे आत पाय ठेववत नाही. इथं स्टाफचं वरच्या मजल्यावर. आणि पेशंट आत असला की मला ही खुर्ची सोडता येत नाही, नियमच आहे. एक निघाला की दुसरा आत. मग काय करणार? घरी गेल्यावरच पिते. सवय झाली आता. तहानच लागत नाही.”

तहानच लागत नाही. चांगुणानं त्या मुलीकडे नीट पाहिलं. असेल चोवीस-पंचवीसची. गळ्यात ओळखपत्राची दोरी, नखांना अर्धवट गेलेलं नेलपॉलिश. आणि एकदम तिच्या अंगात बत्तीस वर्षांची मास्तरीण उभी राहिली. “अक्कल गहाण टाकलीस का गं?” ती कडाडली. “तहान लागत नाही म्हणे! मोठी शहाणी! मूत्रपिंडं वाळवून घ्यायचीत का? कोणी मेडल देणार आहे तुला? वर जाऊन सांग त्यांना, की मला खाली सोय पाहिजे म्हणून. बोलायला तोंड नाही?” दारातल्या नर्सनं डोकावून पाहिलं. चांगुणा थांबली. तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. बत्तीस वर्षांत हे वाक्य तिनं एकदाही कुठल्या साहेबापुढे उच्चारलं नव्हतं. सगळ्या जणींनी मिळून उच्चारलं असतं तर कदाचित प्रत्येक पाड्यावर चार भिंती उभ्या राहिल्या असत्या. पण त्या सगळ्या जणी बशीतून चहा पिण्यात हुशार झाल्या होत्या. तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलंही नाही.

“बरं बाई, पिते,” चैताली घाबरून म्हणाली. “पण तुम्ही आधी प्या. तुम्ही आत प्यायलात की मी बाहेर पिते. चालेल?”

“आणि झालं तर?” चांगुणानं हळूच विचारलं. गेले दोन दिवस जे कोणालाही विचारता आलं नव्हतं ते.

“काय झालं तर? ते होय?” चैतालीनं हात झटकला. “झालं तर झालं. चादर बदलीन. कपाटभर आहेत चादरी.”

हे ऐकताना चांगुणाला लंकाबाई आठवली. पाड्यावरच्या शाळेचं पाणी लंकाबाई भरायची, खालच्या झिऱ्यावरून, डोक्यावर हंडा. सुट्टीत कधी चांगुणाला राहवलं नाही तर लंकाबाई करवंदीच्या जाळ्यापाशी पदर पसरून उभी राहायची, पाठ तिच्याकडे आणि तोंड शाळेकडे. “जा बाई, मी हाय उभी.” आणि ती असायचीच उभी. सुयशच्या वेळेला सातवा महिना होता, तेव्हा तपासणीला साहेब आले आणि उठेनात. पोरांना पाढे विचारले, नकाशा विचारला, दप्तर पाहिलं. चांगुणा फळ्यापाशी उभी, पोटात पोर, पायाला पाय घट्ट चिकटवून. तेराचा पाढा चालू असताना तिचं धरलेलं सगळं सुटलं. आधी ऊब जाणवली, मग ओल घोट्यापर्यंत आली, आणि साहेब मान वर करणारच होते. तेवढ्यात दारातून हंडा घेऊन लंकाबाई आत आली, अडखळली, आणि तो भरला हंडा चांगुणाच्या अंगावर उपडा. “डोळे फुटले का गं तुझे?” साहेब ओरडले. “फुटलं, सायेब,” लंकाबाई म्हणाली आणि खाली बसून फडक्यानं सारी जमीन पुसू लागली. खोलीभर पाणीच पाणी. संध्याकाळी झिऱ्यावर दोघी पोट धरधरून हसल्या. “पानीच त, बाई,” लंकाबाई म्हणाली. “पान्यात पानी गेलं. कोनाला दिसतं?” पुढे बदली झाली. लंकाबाई आता असेल की नसेल, चांगुणाला माहीत नव्हतं.

ती आत गेली. दार बसलं, फूत्कार सुरू झाला, कान दडले. तिनं आडवंच राहून बाटलीचं तोंड ओठांत धरलं आणि घोट घेतला. पाणी कोमट होतं. घशात उतरलं, आणि कानांत टक्कन् काहीतरी उघडलं, आधी उजव्या, मग डाव्या. सगळं जग परत ऐकू आलं, यंत्राची घरघर, चैतालीचं “झालं ना? बघा!” काचेपलीकडे चैतालीनं आपली बाटली वर करून दाखवली आणि तोंडाला लावली. दोघी बायका काचेच्या दोन बाजूंना पाणी पीत होत्या. एकीला आतून उठता येत नव्हतं, दुसरीला बाहेरून.

मग ते रोजचं झालं. ऊन तापत गेलं. चांगुणा घरून आत सुती कापडाची घडी लावून यायची, दुपारी घरी जाऊन ती घडी उजेडात धरायची. पहिल्यांदा डाळिंबी रंग असायचा, मग कोऱ्या चहासारखा, मग दोन दिवस काहीच नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा डाळिंबी. आशा ठेवावी तर फसगत, न ठेवावी तर तेही जमत नव्हतं. दीड तास धरणं जमायचं, कधी घामानं निथळून जमायचं. आत पडून ती वरच्या काचेत आपलाच अंधुक चेहरा बघायची. दीड तास एक माणूस तिच्याकडे लक्ष देऊन बसलेलं असे, मध्ये मध्ये “ठीक ना?” विचारी, आणि तेवढं संपलं की संध्याकाळ, रात्र, सकाळ कोणी काही विचारत नसे. तिला लाजिरवाणं वाटायचं, पण घरी निघताना तिचे पाय जड व्हायचे. कारभारीही असाच एका जाड दाराबाहेर बसून राहायचा, हे तिला एकदा आत असताना सुचलं. त्या बाकावर बसून तो काय करत असेल? त्याला तर आतलं दिसतही नव्हतं. तिथून तो रोज काहीतरी घेऊन घरी आला असेल, भीती म्हणा, आणि ती कुठे ठेवायची हे न कळून गादी उचलून पुढच्या खोलीत गेला असेल. असेलही. नसेलही. राग गेला नाही, पण रात्री तिनं फोटोवरची धूळ पुसली.

बुद्धपौर्णिमा चार दिवसांवर आली होती त्या दिवशी तिला ते जमलं नाही. निम्मा वेळ गेला होता. आधी नेहमीसारखी कळ आली, तिनं दात आवळले, पाय आवळले, मनात तेराचा पाढा सुरू केला. कळ गेली नाही. चैतालीला सांगून उपयोग नव्हता. सांगितलं तरी दार दहा-बारा मिनिटं लांबच. घामाचा एक ओघळ कानामागे गेला. धरून ठेवलं तर पूर्वी गुठळी अडकली होती तसं होईल, आणि सोडलं तर ती पांढरी चादर, चहूबाजूंनी काच, आणि मध्ये सत्तावन्न वर्षांची बाई. तिनं पदर शोधला. झग्याला पदर नसतो. जा बाई, ती स्वतःलाच म्हणाली, आणि आवळलेलं सगळं सोडून दिलं. ऊब मांड्यांखाली पसरली, पाठीपर्यंत गेली, आणि मग गार होऊ लागली. ती डोळे मिटून पडून राहिली. बघायची हिंमत नव्हती. महिना-दीड महिन्याचं सगळं त्या चादरीवर उमटलेलं असणार होतं. पोटावरची थैली की विहारातली पुढची रांग, ते तिथंच, तिच्या पाठीखाली लिहिलं गेलं होतं, आणि तिला मान वळवता येत नव्हती.

“चैताली,” ती म्हणाली. “चैताली, चादर बघ गं. रंग कसला आहे?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काचेला कपाळ टेकवून चैताली वाकली. श्वासानं काच धुरकट झाली, ती तिनं तळहातानं पुसली.

“पांढरीच आहे, मावशी. नुसती ओली झालीय.”

“नीट बघ.”

“बघितलं ना. जरा पिवळट. बाकी काही नाही.” मग तिच्याही ध्यानात आलं असावं. “मावशी, काही नाही! लाल काहीच नाही. काढू का बाहेर?”

“किती राहिलंय?”

“आहे अजून अर्धा तास.”

“राहू दे मग. होऊ दे पुरं.”

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि चैताली पाठ करून बोलायला लागली, कोणा पेशंटची उद्याची वेळ. चांगुणा ओल्या चादरीवर पडून रडत होती आणि तिला आनंद झाला होता, इतका की तो कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना. सुयशला काय सांगायचं? आईनं अंथरूण ओलं केलं आणि ते पांढरं राहिलं, असं? ज्योत्स्नाला? कारभारीला सांगता आलं असतं, तो पुढच्या खोलीतून ‘बरं झालं’ म्हणाला असता आणि त्याची खाट वाजली असती. लंकाबाईला तर सांगावंही लागलं नसतं. तिनं कपाटातली साडी आठवली, डांबराच्या गोळ्यांचा वास घालवायला ती आजच उन्हात टाकायला हवी होती. काचेपलीकडे चैतालीची पाठ तशीच होती. उभं कोणीच नव्हतं. चांगुणानं हात लांबवून उशाशी ठेवलेली बाटली उचलली, झाकण काढलं आणि घटाघटा, तळाशी काही न ठेवता, सगळं पाणी पिऊन टाकलं.